आधी इंजिन, मग ब्रेक : धुळे–पारोळा रस्त्यावरच्या एका कॉन्टेसाचं प्रकरण

डिसेंबर २०२४ मधली एक शनिवारची रात्र. साडेदहा वाजले असतील. धुळ्यातल्या गॅरेजचं शटर ओढून मी घरी आलो होतो, जेवण उरकलं होतं. फोन वाजला. "नाना, गाडी शेतात गेली." एवढंच बोलून पोरगं गप्प झालं. कोणती गाडी, हे मला विचारावं लागलं नाही. माझ्या कामाच्या वहीत तिच्या नावापुढे "ब्रेक, पुढचा आठवडा" असं लिहिलेलं होतं.

त्या ओळीमुळेच हे प्रकरण लिहून काढतोय. एकतीस वर्षं गॅरेज चालवतो. ठोकलेल्या गाड्या पुष्कळ ओढून आणल्या, पण या गाडीची एकेक पायरी माझ्या डोळ्यांसमोर घडली होती आणि एक पायरी माझ्या हातून घडली होती. ज्यांच्याकडे अशी ताकदवान गाडी आहे, जे अशा गाड्यांना हात लावतात, त्यांनी हे वाचावं असं मनापासून वाटतं. संबंधितांना विचारून लिहितोय, नावं मात्र कुणाचीच देत नाही. गाडी ज्यांच्या नावावर आहे ते आप्पा. चालवत होता तो त्यांचा पुतण्या, वय एकोणतीस. शेजारच्या सीटवर त्याचा मावसभाऊ. आणि पांढऱ्या फॉर्च्युनरमधले रावेरकडचे केळीचे व्यापारी, त्यांना मी केळीवाले भाऊ म्हणेन.

गाडी

हिंदुस्तान मोटर्सने कॉन्टेसा १९८४ साली आणली. मूळ घाट इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलचा. लांब नाक, रुंद छाती, मागच्या चाकांना ताकद. दिसायला दांडगी, पण सुरुवातीला आत बसवलं होतं ॲम्बेसेडरचंच दीड लिटरचं इंजिन, जेमतेम ५० अश्वशक्तीचं. पुढे इसुझूचं १.८ लिटरचं पेट्रोल इंजिन आलं, ८८ अश्वशक्तीचं, पाच गिअरचं, आणि तिला क्लासिक म्हणू लागले. २००२ पर्यंत गाडी बनत होती. लोक तिला देशी मसल कार म्हणतात ते तिच्या अंगकाठीवरून.

आप्पांची गाडी क्लासिक, १९९५ सालची, मोतिया रंगाची. तेव्हा त्यांची जिनिंगमध्ये भागीदारी होती. पंचक्रोशीतले कितीतरी नवरदेव त्या गाडीतून मांडवात उतरले. आप्पा तिला साठच्या वर कधी नेत नसत. गिअर बदलताना क्लच पूर्ण दाबायचे, क्षणभर थांबायचे, मग दांडा सरकवायचे. शिकवलेलं जसंच्या तसं. पंधरा वर्षांनंतरची फेरनोंदणी त्यांनी एकदाही चुकवली नाही.

पुतण्याने ती गाडी लहानपणी मागच्या सीटवरून पाहिली आणि मोठेपणी मोबाइलवर. मोबाइलवर त्याला अमेरिकेतल्या मसल कार दिसल्या. त्या गाड्यांची गोष्ट इथे थोडी सांगायला हवी, कारण आपल्या प्रकरणाचं मूळ त्यातच आहे. १९६४ साली पॉन्टिॲक कंपनीने मध्यम आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचं ३८९ घनइंचाचं, म्हणजे जवळपास ६.४ लिटरचं इंजिन घातलं आणि नाव दिलं जीटीओ. मसल कारची लाट तिथून उसळली असं मानतात. डेट्रॉइटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर रात्री सिग्नलवरून सिग्नलपर्यंत पोरं शर्यती लावायची. आता माझ्या धंद्यातली गोष्ट ऐका: त्या पहिल्या जीटीओला चारही चाकांना ड्रम ब्रेकच होते. इंजिन मोठ्या गाडीचं आणि थांबायची सोय साध्या गाडीची. पुढे विमा कंपन्यांनी अशा गाड्यांचे हप्ते इतके चढवले की तरुण गिऱ्हाईक तिथेच अडखळलं. मग प्रदूषणाचे नियम आले, १९७३ चं तेलसंकट आलं आणि ती लाट ओसरली.

आमच्या पुतण्याने साठ वर्षांनी तेच केलं. पुण्यात एका वर्कशॉपमध्ये त्याने इसुझूचं इंजिन काढून टोयोटाचं जुनं आयात केलेलं अडीच लिटरचं, सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन बसवून घेतलं. वनजेझेड म्हणतात त्याला. कारखान्याच्या आकड्यात २८० अश्वशक्ती. म्हणजे मूळच्या तिपटीहून जास्त. आप्पांना सांगितलं, "इंजिनाचं काम केलं." त्यांनीही जास्त विचारलं नाही. पोरगं गाडी सांभाळतंय यातच त्यांना आनंद होता.

काढलेलं जुनं इंजिन त्याने भंगारात दिलं नाही. घरामागच्या शेडमध्ये गोणपाट टाकून ठेवलं. हे पुढे उपयोगी पडलं.

माझ्या वहीतली ओळ

गाडी माझ्याकडे आली ऑक्टोबरात. मी खाली शिरून पाहिलं. इंजिनाचं काम सुबक होतं, ते मान्य करतो. पण ब्रेक मूळचे. रबरी होज पाइप इतके जुने की दाबल्यावर फुगायचे. ब्रेक ऑइल चहासारखं तपकिरी. टायरवरचा चार आकडी शिक्का २३१७, म्हणजे २०१७ च्या तेविसाव्या आठवड्यातले. खाच भरपूर दिसत होती, पण रबर दगडासारखं झालं होतं. खानदेशच्या दोन-तीन उन्हाळ्यांत टायर वयाच्या आधीच म्हातारं होतं. गाडी कमी फिरली म्हणून टायर चांगलं, हा समज खोटा आहे.

मी यादी दिली: पुढे मोठ्या डिस्क, कॅलिपर (डिस्कवर ब्रेक पॅड आवळणारा भाग), नवा मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ऑइलपर्यंत पोहोचवणारा), चारही होज, टायर. "नाना, दिवाळीनंतर करू," तो म्हणाला. दिवाळीनंतर कॅलिपर यायला उशीर झाला. मग लग्नसराई आली, घरातल्या लग्नाला गाडी हवी होती. मी निदान ऑइल तरी बदलायला हवं होतं. अर्ध्या तासाचं काम. "सगळं एकदमच करू, दोनदा खोलायला नको," असं म्हणून मी किल्ली त्याच्या हातात दिली. किल्ली द्यायला नको होती. इंजिनात केवढी ताकद आहे हे मला ठाऊक होतं आणि ब्रेकमध्ये काय उरलं आहे हेही. त्याला यातली एकच गोष्ट जाणवत होती. दोन्ही जाणणारा माणूस मीच होतो.

रस्ता

सुरत–नागपूर रस्ता, पूर्वीचा सहा नंबर, आता त्रेपन्न. धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ. माझ्या वयाच्या माणसांचा अर्धा जन्म या रस्त्यावर पुढच्या ट्रकच्या मागच्या फाळक्यावरचं वाचण्यात गेला. फागणे ते तरसोद चौपदरीकरण किती रखडलं हे जळगाव-धुळ्याच्या माणसाला सांगायला नको. दोनपदरी रस्त्यावर शर्यतीचा मोह व्हायला जागाच नव्हती. मोकळा, गुळगुळीत, मधे दुभाजक असलेला रस्ता मिळाला आणि इथल्या पोरांना पहिल्यांदाच आपल्या गाडीचा खरा वेग कळला.

पण रस्ता चौपदरी झाला तरी दोन्ही बाजूंची शेतं तीच आहेत. शेत एका बाजूला आणि घर दुसऱ्या बाजूला असलेला शेतकरी जिथे दुभाजक तुटलेला सापडेल तिथून ट्रॅक्टर काढतो. डिसेंबरात कापसाच्या ट्रॉल्या रात्री जिनिंगकडे निघतात. मागे लाल दिवा नाही, चमकणारी पट्टी नाही. पांढरा कापूस ताडपत्रीखाली झाकलेला. अंधारात तो जणू रस्त्याचाच तुकडा वाटतो.

तीन भेटी

शनिवारच्या रात्रीवर येण्याआधी पुतण्या आणि पांढरी फॉर्च्युनर दोनदा समोरासमोर आले होते. मी दोघांकडूनही हे सगळं नीट विचारून घेतलं आहे, आणि मला या प्रकरणात सगळ्यांत जास्त शिकवणारा भाग हाच आहे.

पहिली भेट ऑक्टोबरात, एरंडोलच्या अलीकडे. पुतण्या एकटा, ऐंशीच्या आसपास. मागून फॉर्च्युनरने दोनदा डिपर दिला, बाजूने निघून गेली. पुतण्याने जाऊ दिलं. पण दोन दिवसांनी गॅरेजमध्ये आला तेव्हा पहिलं वाक्य होतं, "नाना, एक केळीवाला डिपर मारून गेला." त्याचा नंबर पाठ झाला होता.

दुसरी नोव्हेंबरात, पारोळ्याच्या एका हॉटेलात, चहाच्या वेळी. गाड्या शेजारी लागल्या होत्या. केळीवाल्या भाऊंनी कॉन्टेसाकडे पाहत विचारलं, "भाऊ, ॲव्हरेज काय देते हो?" पुतण्याला हे लागलं. सहा सिलिंडरच्या गाडीला ॲव्हरेज विचारणं म्हणजे त्याच्या लेखी पैलवानाला वजन विचारून कुस्तीबद्दल न विचारणं. दोघेही धुळ्याकडे निघाले. फॉर्च्युनर पुढे गेली, याने मागे गाडी काढली. थोड्या वेळाने सोडूनही दिलं. पण मधल्या त्या तुकड्यात महामार्ग पोलिसांची स्पीडगनवाली गाडी उभी होती. संध्याकाळी मोबाइलवर ई-चलन आलं: गाडीचा फोटो, वेळ, जागा आणि वेग, ११८. दंड २००० रुपये.

त्याने दंड लगेच भरला. आणि चलनाचा स्क्रीनशॉट स्टेटसला ठेवला.

दंड सरकारने वेग कमी व्हावा म्हणून लावला आणि या पोराच्या हाती वेगाचं सरकारी शिक्क्याचं प्रमाणपत्र आलं. मित्रांचे निरोप आले, "आप्पांची कॉन्टेसा ११८!" "पुढच्या वेळी दीडशे." मावसभावाचा निरोप त्यातलाच होता: "मला बसव एकदा."

तिसरी भेट ती शनिवारची. लग्न आटोपून दोघे भाऊ धुळ्याहून पारोळ्याकडे निघाले होते. फागणे सोडल्यावर मागून पांढरे दिवे आले. पुतण्या मला पुढे म्हणाला, "नाना, एकटा असतो तर सोडून दिलं असतं." मी ते मानतो, पण अर्धंच. एकटा असताना पहिल्यांदा सोडलं हे खरं. दुसऱ्यांदाही एकटाच होता आणि मागे लागला. सोडलं ते ११८ झाल्यावर. त्या दिवशी गाडीत बघणारं कुणी नव्हतं, पण नंतर दाखवता येईल असं खिशात होतं. तिसऱ्या वेळी बघणारा शेजारीच बसला होता, हातात कॅमेरा सुरू करून.

शर्यत दोन गाड्यांत असते असं आपण म्हणतो. या प्रकरणात एका गाडीला पहिल्या दोन वेळा शर्यत आहे हेच माहीत नव्हतं. केळीवाले भाऊ मला म्हणाले, "डिपर? मी दिवसातून शंभर वेळा देतो. ही गाडी मला हॉटेलातली आठवते फक्त. माझ्या वडिलांकडे होती कॉन्टेसा, म्हणून विचारलं." ॲव्हरेजचा प्रश्न त्यांनी जिव्हाळ्याने विचारला होता.

तिसऱ्या वेळी मात्र त्यांना कळलं. ते लपवत नाहीत. "बाजूला येऊन इंजिन गुरगुरवलं त्याने. मला राग आला. मीही दाबली." त्यांची गाडी २.८ लिटर डिझेल, २०४ अश्वशक्ती, दोन टनांच्या वर वजन. बावन्न वर्षांचे गृहस्थ, घरात सून आलेली. राग यायला वय लागत नाही.

आठ किलोमीटर

व्हिडिओ चार मिनिटांचा आहे. मी तो पोलीस ठाण्यात एकदाच पाहिला. सुरुवातीला हसणं आहे, गाणं आहे. मावसभाऊ मोबाइलवरचा वेग मोठ्याने वाचतोय: एकशे दहा, एकशे तीस. मग एक ट्रक आडवा येतो, ब्रेक लागतो. पुन्हा वेग. एका गावाजवळ बॅरिकेड, पुन्हा जोरात ब्रेक. पुन्हा वेग. शेवटचा आकडा १४६.

हे दोन ब्रेक फार महत्त्वाचे आहेत. जुनं ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ प्रतीचं ताजं ऑइल २०५ अंशांना उकळतं, पाणी शोषलेलं १४० ला उकळलं तरी ते प्रमाणात बसतं. दोन वेळा जोरात ब्रेक मारल्यावर कॅलिपरमधलं ऑइल तापलं. आत वाफेचे बुडबुडे झाले. ऑइल दाबलं जात नाही, म्हणून ब्रेक लागतो. वाफ दाबली जाते, म्हणून पेडल खाली जातं आणि चाक तसंच फिरत राहतं.

आकडे एकदा शांतपणे पाहू. ताशी ८० ला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, १४० ला ३९ मीटर. डोळ्याने पाहणं आणि पाय ब्रेकवर पडणं यात दीड सेकंद गेला, तर ८० ला ३३ मीटर गेले, १४० ला ५८. त्यानंतर कोरडा डांबरी रस्ता आणि निरोगी ब्रेक धरले तर ८० वरून थांबायला आणखी साधारण ३६ मीटर, १४० वरून ११०. बेरीज केली तर ७० च्या आत एक, दुसरी १७० ला टेकलेली. वेग पावणेदोनपट, धडकेची ताकद तिप्पट. जुन्या कॉन्टेसाच्या दिव्यांत अंधारी ट्रॉली कुठे दिसणार? फार तर पन्नास-साठ मीटरवर.

ट्रॉली पलीकडच्या लेनकडून तुटक्या दुभाजकातून आत येत होती. उजवीकडे पुढे असलेल्या फॉर्च्युनरला ती आधी दिसली, तिचे मागचे लाल दिवे पेटले. हे दिवे पेटले म्हणून पुतण्याचा पाय वेळेआधी ब्रेकवर पडला. पहिला दाब लागला. वेग उतरला. सोडून पुन्हा दाबला, तर पेडल जमिनीला टेकलं. ट्रॉली डाव्या लेनमध्ये येत होती. त्याने स्टिअरिंग डावीकडे कापलं. गाडी कडेच्या मुरमावरून उडाली, खाली कपाशीत शिरली आणि पंचवीस-तीस सऱ्या तुडवून थांबली.

सीटबेल्ट दोघांनी लावला होता. मावसभावाचं कॉलरबोन मोडलं, बेल्टनेच, पण बेल्ट होता म्हणून फक्त कॉलरबोन मोडलं. पुतण्याला कपाळावर दोन टाके. ट्रॉलीला खरचटलंही नाही.

ट्रॉलीवरचे बाबा धावत आले. पुतण्या चिखलात बसून "काका, तुमची कपाशी, तुमची कपाशी" म्हणत होता. ते म्हणाले, "कपाशी जाऊ दे भो, तू जित्ता शे ना?" शेत त्यांचं नव्हतंच. त्याला हे नंतर कळलं.

हवालदार

मी टोचणगाडी घेऊन पोहोचलो तेव्हा पोलिसांची गाडी आलेली होती. ११२ वर फोन कुणी केला माहीत नाही. बहुधा मागून येणाऱ्या कुणीतरी. एक वयस्क हवालदार आणि एक तरुण शिपाई. त्यांनी जे केलं ते क्रमाने सांगतो, कारण पोलिसांशी गाठ पडल्यावर आपण आधी घाबरतो आणि मग चुकतो.

मावसभावाला त्यांनी आधीच रुग्णालयाकडे पाठवायची व्यवस्था केली होती, रुग्णवाहिका यायची होती. हवालदार पुतण्याला म्हणाले, "भाऊ, आधी पाणी पी. मग बोल." तोंडाचा वास घेतला, दारू नव्हती. मग बॅटरी घेऊन गाडीकडे गेले. बॉनेट आपटून उघडलेलंच होतं. त्यांनी सिलिंडर मोजले. एक, दोन, तीन करत सहा. आरसी पाहिली.

"यात चार लिहिलेत."

पुतण्या गप्प.

"गाडी कोणाच्या नावावर?"

"काकांच्या."

"मग काकांना फोन लाव. त्यांना हे तुझ्या तोंडून कळू दे, आमच्या नको."

त्या क्षणी पोराला काय झालं हे मी पाहिलं आहे. गाडी उडताना तो इतका घाबरला नसेल.

दरम्यान मावसभाऊ एका हाताने मोबाइल धरून मला खुणावत होता. "नाना, व्हिडिओ उडवू का?" त्या प्रश्नावर मी फार वेळ घेतला नाही, पण मनात दोन्ही बाजू आल्या हे खरं. व्हिडिओ नसता तर ही गोष्ट "अंधारात ट्रॉली आली" एवढीच राहिली असती. ट्रॉलीवाल्या बाबांवर सगळं गेलं असतं. दिवा त्यांच्या ट्रॉलीला नव्हताच. ज्यांनी आधी विचारलं "तू जित्ता शे ना", त्यांच्यावर. मी म्हणालो, "हात लावू नको त्याला. पुरावा नाहीसा करणं हा वेगळा गुन्हा आहे, आणि तो तुझ्या नावावर लागेल." मोबाइल पंचनाम्यात जमा झाला.

आप्पांनी त्यांच्या परीने एक प्रयत्न केला. ओळखीच्या एका पुढाऱ्याला उठवलं. हवालदारांचा फोन वाजला, त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साहेब, पंचनामा लिहून झालाय." आवाज न चढवता. लिहिणं तेव्हा निम्मंही झालं नव्हतं.

कलमं

यात काय काय लागतं ते माझ्यासारख्याला नीट माहीत नव्हतं. वकिलाने समजावलं तसं मांडतो. नुसता वेग म्हणजे मोटार वाहन कायद्याचं कलम १८३, हलक्या गाडीला १००० ते २००० रुपये. तिथवर पुतण्याची ओळख होती. धोकादायक चालवणं कलम १८४. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत कलम १८९: पहिल्यांदा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० पर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० दंड किंवा दोन्ही. शिवाय भारतीय न्याय संहितेचं कलम २८१, बेदरकार चालवणं. ट्रॉलीवरचे बाबा गेले असते तर कलम १०६ लागलं असतं आणि पाच वर्षांपर्यंतची शिक्षा समोर असती.

पण घर हललं ते वेगळ्याच कलमाने. कलम ५२ प्रमाणे आरसीत लिहिलेल्या गोष्टींशी जुळणार नाहीत असे बदल गाडीत करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं. आणि कलम १८२ अ असं सांगतं की असे बदल केले तर मालक जबाबदार: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा दोन्ही. मालक म्हणजे चालवणारा नव्हे, ज्याच्या नावावर गाडी तो. नोटीस आप्पांच्या नावाने आली. वय एकाहत्तर. तीस वर्षांत स्वतःच्या चालवण्याने एकही चलन न आलेल्या माणसाला, साठच्या वर न गेलेल्या माणसाला. ती त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली आणि घडी घालून देवघरातल्या फळीवर ठेवली. पुतण्याला एक शब्द बोलले नाहीत. तो मला म्हणाला, "नाना, शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं."

विमा फक्त थर्ड पार्टीचा होता, त्यामुळे गाडीचा खर्च घरचाच. कपाशीच्या शेताची भरपाई पुतण्याने स्वतः जाऊन दिली. परवाना तीन महिन्यांसाठी निलंबित झाला. गाडीची नोंदणी, ती पूर्ववत होईपर्यंत स्थगित.

केळीवाले भाऊ येतात

घटनेनंतर आठवडाभराने पांढरी फॉर्च्युनर माझ्या गॅरेजसमोर उभी राहिली. व्हिडिओत नंबर दिसत असल्याने त्यांनाही जबाबाला बोलावलं होतं. ते म्हणाले, "आरशात पाहिलं तर मागचे दिवे डावीकडे वळलेले. वाटलं, गावाच्या रस्त्याला लागला. मनात आलं, हरला." थोडा वेळ गप्प बसले. "थांबलो असतो तर काय बिघडलं असतं?"

मग ब्रेक पॅड बघायला सांगितले. पुढचे संपत आले होते. त्या रात्री जळका वास आल्याचं त्यांना आठवत होतं. त्यांच्या गाडीला एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) होता, ऑइल वेळेवर बदललेलं होतं, टायर बरे होते, म्हणून ते सरळ रेषेत थांबू शकले. दोघांच्या पायात सारखाच राग होता. फरक वहीतल्या ओळीचा होता.

त्यांची आणि पुतण्याची माझ्याच गॅरेजमध्ये गाठ पडली. मिठ्या वगैरे काही नाही. पुतण्याने विचारलं, "तुमच्या वडिलांची कॉन्टेसा कोणत्या रंगाची होती?" ते म्हणाले, "निळी." मग बराच वेळ कार्ब्युरेटरवर बोलत होते.

वेग हवाच असेल तर

लोक मला विचारतात, मग एवढ्या ताकदीची गाडी ठेवायचीच नाही का? माझं म्हणणं तसं नाही. ताकदीची हौस खोटी नाही. मला स्वतःला सहा सिलिंडर एका सुरात चालतानाचा आवाज ऐकून अंगावर काटा येतो. अडचण अशी की खानदेशात ती हौस पुरवायला जागा नाही. चेन्नईजवळचा ट्रॅक, कोइम्बतूरचा, ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट, सगळे दूर. आमच्याच आग्रा रोडने मध्य प्रदेशात गेलं की पिथमपूरला नॅट्रॅक्सची ११.३ किलोमीटरची अतिवेगाची धावपट्टी आहे, पण ती गाड्यांच्या चाचण्यांसाठी. धुळे-जळगावच्या एखाद्या मोकळ्या मैदानात, रीतसर परवानगी घेऊन, रुग्णवाहिका उभी करून वर्षातून दोन दिवस पोरांना गाड्या पळवू दिल्या तर मी माझी टोचणगाडी फुकट उभी करीन. हे इथल्या मोटार संघटनांनी आणि प्रशासनाने मनावर घेण्यासारखं आहे.

आणि माझ्या गॅरेजपुरतं एक बदललं. इंजिनात ताकद वाढवलेली गाडी ब्रेक, होज, ऑइल आणि टायर पाहिल्याशिवाय शटरबाहेर जात नाही. लग्न असो की मयत. गिऱ्हाईक चिडतं, दोन तुटलीही. चालेल.

गाडी परत

शेडमधलं इसुझूचं इंजिन मी जानेवारीत खोललं. गोणपाटाखाली उंदरांनी वायरिंग कुरतडलं होतं, बाकी बरं होतं. रिंगा, गॅस्केट, पाण्याचा पंप बदलला. पुढचा क्रॉस मेंबर, म्हणजे सांगाड्याचा आडवा दांडा, सरळ करायला वेळ लागला. ब्रेक पूर्ण नवे केले, आरसीला धक्का न लावता. मार्चमध्ये आरटीओत गाडी दाखवली. निरीक्षकांनी इंजिन नंबर घासून वाचला, आरसीशी जुळवला. ८८ अश्वशक्ती. स्थगिती उठली.

टोयोटाचं इंजिन माझ्याकडेच आहे, लाकडी घोडीवर, ताडपत्रीखाली. त्याचं काय करायचं ते ठरलेलं नाही.

पहिल्या दिवशी आप्पा स्वतः चालवायला बसले. पुतण्याचा परवाना अजून निलंबितच होता. तो मागे बसला, लहानपणी बसायचा त्याच जागी. मी पुढे. लळिंगपर्यंत जाऊन परत. आप्पांनी क्लच पूर्ण दाबला, क्षणभर थांबले, दांडा सरकवला. पन्नास, पंचावन्न. ट्रक मागून हॉर्न देऊन जात होते, एक मोटरसायकलही गेली. लळिंगच्या उतारावर त्यांनी आरशात पाहिलं, मागे कुणी नाही याची खात्री केली आणि ब्रेक जोरात दाबला. गाडी जागेवर थांबली. त्यांनी पाय तसाच दाबून ठेवला, काही क्षण, आणि आरशातून मागच्या सीटकडे पाहिलं.